नव्या वर्षात मंडळीच्या पुढाऱ्यांनी ध्येयं कशी ठरवावीत

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीची चिटणीस म्हणून मी बरीच वर्षं सभांचं कार्यवृत्त लिहिते आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत ठराव भरभरून होतात. प्रार्थनासभेची उपस्थिती वाढवावी. तरुणांना कामात ओढून घ्यावं. घरभेटींवर भर द्यावा. सगळे माना डोलावतात, सूचक-अनुमोदक मिळतात, ठराव मंजूर होतो. पण हे करणार कोण आणि कधीपर्यंत, ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. न विचारता लिहिलेला ठराव पुढच्या वर्षी तसाच्या तसा पुन्हा लिहावा लागतो. म्हणून मी विचारते, आणि नाव मिळेपर्यंत पुढच्या विषयाकडे जात नाही.

पुढाऱ्यांची ध्येयं आधी पुढाऱ्यांविषयी असावीत, असं माझं ठाम मत आहे. आपण कोणाला भेटणार, कोणाला शिकवणार, कोणाच्या खांद्यावरचं ओझं हलकं करणार आणि आपल्या हातातलं काय सोडणार, हे पाळक (मंडळीचे धर्मगुरू), वडील (मंडळीने नेमलेले ज्येष्ठ पुढारी) आणि कमिटीने स्वतःपुरतं ठरवावं. कार्यक्रमांची यादी त्यानंतर करता येते, आणि बहुतेक वेळा ती आपोआप आखूड होते.

मागणं कोणतं आणि ध्येय कोणतं

'यंदा इतक्या जणांचा बाप्तिस्मा व्हावा' असं पुष्कळ मंडळ्या ठरवतात. इच्छा चांगलीच आहे, पण तिची जागा प्रार्थनेच्या वहीत. करिंथच्या मंडळीत माणसांच्या नावाने गट पडले तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना लिहिलं की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ मात्र देवाने दिली. लावणं आणि पाणी घालणं आपल्याकडे आहे आणि हिशेब द्यायचा तोही त्याचाच. 'बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग वर्षातून दोनदा भरेल, तो पाळक आणि एक वडील मिळून घेतील' हे ध्येय झालं. त्या वर्गाला किती जण येतील, त्यांतल्या कोणाच्या मनात विश्वास उगवेल, हे मागणं.

हा फरक केला नाही तर पाळकांवर अन्याय होतो. आकडा गाठला गेला नाही की ते मनातून खचतात. उलट आकडा गाठायचाच म्हटलं की तयारी नसलेल्या माणसाला घाईने पाण्यात उतरवलं जातं, आणि पुढे त्याची विचारपूस करायला कोणी नसतं. आमच्या सभेत कागद मधोमध दुमडून दोन बाजू केलेल्या असतात, एकीकडे मागण्या आणि दुसरीकडे ध्येयं. कोणी काही सुचवलं की ते कुठल्या बाजूला जाईल यावर आधी बोलणं होतं. मागण्यांची बाजू प्रार्थनासभेकडे जाते आणि वर्षभर तिथेच राहते.

सभेआधी नावांचा तक्ता

कोऱ्या कागदाने सभेला बसू नका. महिनाभर आधी एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात मंडळीतलं प्रत्येक काम लिहा, अगदी बारीकसुद्धा. उपदेश, उपासना चालवणं, गायन, माइक लावणं, प्रभुभोजनाची मांडणी, अर्पण मोजणं, ते बँकेत भरणं, आजाऱ्यांची भेट, संडे स्कूल, झाडलोट, किल्ल्या, नव्याने आलेल्या माणसापाशी जाऊन बोलणं. दुसऱ्या रकान्यात ते काम आज कोण करतं. तिसऱ्यात, ती व्यक्ती महिनाभर येऊ शकली नाही तर कोण करेल. चौथ्यात, हे काम तिच्याकडे कधीपासून आहे.

पहिले दोन रकाने पटापट भरतात. तिसऱ्यापाशी सगळे गप्प होतात.

आम्ही हा तक्ता केला तेव्हा संडे स्कूलच्या ओळीपाशी अडलो. मुलांचा वर्ग उपासनेच्या वेळेलाच भरतो. शिकवणाऱ्या बाईंना कोणीतरी सहज विचारलं, की पूर्ण उपदेश तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? त्या आठवत राहिल्या. कोणत्या मुलाची परीक्षा जवळ आली आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण हल्ली गप्प गप्प असतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र त्या मंडळीबरोबर शेवटच्या गीताला तेवढ्या उभ्या राहायच्या, तेही दारापाशी, कारण मुलं त्याच सुमाराला बाहेर पडतात. प्रभुभोजनाच्या रविवारी त्यांच्या वाट्याची भाकर आणि द्राक्षारस नंतर वेस्ट्रीत, म्हणजे उपासनागृहालगतच्या खोलीत, नेऊन दिला जायचा. त्यांची काही तक्रार नव्हती. तरीही हे कळल्यावर त्या सभेत नव्या कार्यक्रमाचं नाव कोणाच्याच तोंडी आलं नाही. वर्षाचं पहिलं ध्येय तिथेच ठरलं. दोन नवे शिक्षक तयार करायचे, सहा महिने त्यांनी बाईंबरोबर वर्गात बसायचं, आणि त्यानंतर बाईंनी महिन्यातले दोन रविवार मंडळीबरोबर उपासनेत घालवायचे.

तुमच्या तक्त्यात वेगळी ओळ अडेल. एकाच माणसाचं नाव पाच-सहा ओळींवर दिसेल, किंवा चौथ्या रकान्यात इतका जुना काळ लिहिलेला असेल की त्या कामात दुसऱ्या कोणाला कधी हातच लावता आला नाही हे कळेल. ज्या ओळी वाचताना मन अस्वस्थ होतं, तिथूनच ध्येयं घ्या. दुसऱ्या मंडळीचं वार्षिक पत्रक पुढे ठेवून त्याबरहुकूम आपली ध्येयं बेतायची गरज नाही.

ठरवण्याआधी ऐकून घ्या

बायबलमधला नहेम्या यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधायला आला, पण आल्यावर त्याने लगेच सभा बोलावली नाही. तीन दिवस गेल्यावर तो रात्री थोडी माणसं बरोबर घेऊन निघाला, पडलेला तट आणि जळालेल्या वेशी त्याने डोळ्यांनी पाहिल्या, आणि देवाने आपल्या मनात काय घातलं आहे ते तोवर कोणाला सांगितलं नाही. बांधकाम 52 दिवसांत पुरं झालं हे सगळ्यांना आठवतं. त्याआधीची ही पाहणी मात्र उपदेशात क्वचित येते. नहेम्याच्या पुस्तकातल्या मधल्या पाचव्या अध्यायात गोरगरिबांची ओरड होते की आमची शेतं गहाण पडली, आमची मुलं दास झाली. नहेम्या त्या सावकारांना भर सभेत जाब विचारतो आणि घेतलेलं परत करायला लावतो. तट पुरा झाल्याची बातमी त्यानंतरच्या अध्यायात येते.

म्हणून कमिटीतल्या प्रत्येकाने सभेआधी चार-पाच घरी जावं, आणि त्यांत निदान दोन घरं अशी असावीत जी हल्ली मंडळीत दिसत नाहीत. तीन प्रश्न पुरेत. गेल्या वर्षी तुम्हाला मंडळीची गरज कधी पडली, आणि तेव्हा कोणी आलं का? तुम्हाला करता येईल असं कोणतं काम आहे, जे आजवर कोणी विचारलंच नाही? आम्ही तुमच्यासाठी काय मागू? उत्तर ऐकताना मंडळीची बाजू मांडू नका. 'त्या वेळी पाळक बाहेरगावी होते' हे खरं असलं तरी तिथे बोलू नका. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी आठवेल तसं लिहून ठेवा. कोणी विश्वासाने सांगितलेली घरगुती गोष्ट मात्र कागदावर येता कामा नये, ती फक्त प्रार्थनेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं असतं. हिशेब ठेवण्यात आयुष्य गेलेली माणसं मागच्या बाकावर बसलेली असतात आणि खजिनदार एकटा रात्री जागून आकडे जुळवत असतो.

पाळकांचं ओझं

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करायला बसतो आणि लोक त्याच्याभोवती उभे असतात. सासरा इथ्रो हे पाहतो आणि स्पष्ट सांगतो की तू करतोस हे ठीक नाही, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. ते कसे असावेत हेही सांगतो: कर्तबगार, देवाचं भय बाळगणारे, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेले. लोकही झिजतील, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. सगळं पाळकांनीच करायचं अशी रीत पडली की रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला उशिरा वेळ मिळतो, आणि कधी मिळतच नाही.

तेव्हा पाळकांचं ध्येय त्यांच्यासोबत बसून ठरवा, त्यांच्या पाठीमागे नको. त्यात दोन गोष्टी हव्यातच. एक, वर्षभरात कोणती कामं त्यांच्याकडून काढून घ्यायची आणि ती कोण घेणार. दोन, अभ्यासाचा, विश्रांतीचा आणि कुटुंबाचा वेळ कोणता, आणि त्या वेळी तातडीचा फोन कोण घेणार. दुसऱ्या गोष्टीला नाव जोडलं नाही तर सुट्टी नुसती कागदावर राहते. छपरातली गळती, भाड्याच्या खुर्च्या, लाइटचं बिल यांसाठी पाळकांना फोन जात असेल तर वर्षातलं पहिलं काम तेच बंद करायचं.

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही हाच प्रश्न आला होता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडली नाही, पण तक्रारही झटकली नाही. सात जण निवडायला सांगितले. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेची नावं असलेल्या माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. तुमच्या मंडळीतही कोणत्या तरी गटाला आपलं ऐकलं जात नाही असं वाटत असेल, तर त्यांच्यातल्या भरवशाच्या माणसाला कमिटीत जबाबदारी देणं हे यंदाचं ध्येय होऊ शकतं. त्यांच्याविषयी आणखी एक उपसमिती नेमू नका.

लिहायचं कसं

ध्येयं तीन-चारच ठेवा. प्रत्येकात कोण, काय, कधीपर्यंत आणि झालं हे कशावरून कळेल, एवढं असावं. दोन उदाहरणं देते.

'घरभेटी वाढवणे' असं लिहू नका. 'मंडळीतल्या सगळ्या कुटुंबांची वडिलांमध्ये वाटणी जानेवारीअखेर होईल. प्रत्येक वडील आपल्या वाट्याच्या प्रत्येक कुटुंबाला तिमाहीत एकदा भेटेल, आणि आजारपण किंवा मृत्यू झाल्यास दोन दिवसांत. भेट झाल्याची तारीख चिटणिसाकडे कळवेल' असं लिहा. भेटीत काय बोलणं झालं ते कळवायचं नाही, फक्त तारीख.

'तरुणांना सामील करणे' याऐवजी 'पंचविशीच्या आतल्या दोघांना कमिटीच्या सभेत वर्षभर बसवायचं, मत मांडायला द्यायचं, आणि दुसऱ्या सहामाहीत एक काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवायचं, त्याच्या खर्चासकट'. खर्चासकट हे मी मुद्दाम लिहिते. काम दिलं पण पैशाचा निर्णय आपल्याकडेच ठेवला, की तरुण मंडळी दोन महिन्यांत गळतात.

घरभेटींच्या वाटणीवरून मेथडिस्टांचा, म्हणजे इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथाचा, इतिहास आठवतो. 1742 साली ब्रिस्टलमध्ये त्यांच्यावर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी अशी सूचना फॉय नावाच्या कप्तानाने केली. ज्यांना जमणार नाही त्यांचं काय, असं कोणी विचारल्यावर तो म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी त्यांच्याकडे दर आठवड्याला जाईन, आणि त्यांना देता आलं नाही तर त्यांचं मी भरीन. पैसे गोळा करायला घरोघर गेलेल्या या माणसांना तिथली भांडणं, व्यसनं, दुःखं दिसू लागली, आणि वेस्ली यांनी त्यातूनच बारा-बारा जणांचे वर्ग आणि त्यांचे पुढारी ही पद्धत उभी केली. कर्ज फेडायला निघालेली गोष्ट मेंढपाळाचं, म्हणजे माणसांची काळजी वाहण्याचं, काम होऊन बसली. नाव नेमलेलं, घरं नेमलेली आणि आठवडा नेमलेला, एवढ्यावर ती चालली.

पुढचा माणूस घडवणं

दर वर्षी एक ध्येय यासाठी राखून ठेवा. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांकडे सोपव, म्हणजे ती दुसऱ्यांना शिकवतील. एका वाक्यात चार पिढ्या आहेत. तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यातल्या रिकाम्या जागा याच ध्येयाने भरायच्या.

पद्धत सोपी आहे. आधी शिकणारा सोबत बसतो आणि पाहतो. मग तो करतो आणि जुना माणूस पाहतो. मग जुना माणूस मुद्दाम गैरहजर राहतो. ही तिसरी पायरी सर्वांत अवघड जाते. नव्याने उपासना चालवणारा मुलगा गीताचा क्रमांक चुकला की आपण पुढच्या बाकावरून लगेच ओठ हलवतो, आणि तो उरलेली उपासना आपल्या चेहऱ्याकडे पाहत चालवतो. त्या रविवारी मागे बसा. काही सांगायचं असेल तर सोमवारी, एकांतात, आणि आधी काय चांगलं झालं ते सांगून.

घाई मात्र नको. सेवकांची आधी पारख व्हावी आणि नवशिष्याला वडीलपद देऊ नये, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. पद देण्याआधी काम द्या. ज्यांच्याकडे आज पद आहे त्यांच्यासाठी मुदत ठरवा, आणि ती संपल्यावर सन्मानाने निरोप देण्याची जबाबदारीही कोणाकडे तरी सोपवा. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाचं नाव यादीतून नुसतं गाळलं जाणं फार दुखवतं.

पैसा आणि मुलं

या दोन बाबतीत चर्चा करत बसू नये, नियम करून मोकळं व्हावं. अर्पण मोजायला दोन माणसं, एका घरातली नकोत, आणि दोघांच्या सह्या. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते करावं, असं कारणही त्याने दिलं. मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं किंवा काचेचं, आणि तक्रार कोणाकडे न्यायची त्याचं नाव भिंतीवर लावलेलं. हे अजून नसेल तर इतर सगळी ध्येयं मागे ठेवा आणि जानेवारीत हे करा.

बाकी अंदाजपत्रकाविषयी एवढंच, की प्रत्येक ध्येयासमोर खर्चाचा आकडा लिहा. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला येशूने दिला आहे. शिक्षक तयार करायचे म्हणता आणि पुस्तकांसाठी, प्रशिक्षणासाठी रक्कम नाही, तर तो ठराव मंजूर करू नका.

मंडळीसमोर वाचणं

ठरलेली ध्येयं मंडळीसमोर मोठ्याने वाचा, ज्याने जी जबाबदारी घेतली त्यानेच ती वाचावी, आणि मग मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. वेस्ली यांनी 1755 मध्ये लंडनला करार-नवीकरणाची, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा नवा करण्याची, उपासना घेतली. मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ती आजही बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. तुमच्या परंपरेत ती नसली तरी पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी याला जागा करता येईल. वाचताना 'प्रभूची इच्छा असेल तर' हे शब्द मनापासून असू द्या, याकोबाने उद्याचे बेत करणाऱ्यांना तेच सांगितलं आहे.

तिमाही आढावा

आढाव्याच्या तारखा पहिल्याच सभेत ठरवून सगळ्यांच्या कॅलेंडरवर घ्या. त्या सभेत ध्येयं हा पहिला विषय असावा. शेवटी ठेवला तर तोवर छपराच्या दुरुस्तीवर सगळी शक्ती खर्च झालेली असते. प्रत्येकाने आपल्या ध्येयाविषयी दोन मिनिटं बोलावं: काय झालं, कुठे अडलं, कोणाची मदत हवी. अडलेल्या माणसाला सभेत जाब विचारू नका. आधी एका वडिलाने त्याच्या घरी जावं. पुष्कळदा घरात आजारपण असतं, नोकरीची चिंता असते, आणि आपण त्याच्याकडे अहवाल मागत असतो. तसं असेल तर ते काम तिसऱ्या रकान्यातल्या माणसाकडे द्या, कार्यवृत्तात नव्या नावाची नोंद करा, आणि आधीच्या माणसाचं नाव मागण्यांच्या बाजूला लिहा.

वर्षाच्या शेवटच्या आढाव्यात प्रत्येक ध्येयापुढे तीनांपैकी एक शेरा येतो: पुरं झालं, पुढे चालू, किंवा सोडलं. 'पुढे चालू' म्हटलं तर नवी तारीख आणि नवं किंवा तेच नाव त्याच वेळी घ्या. 'सोडलं' लिहायला संकोच करू नका, कारणाची एक ओळ जोडा. नवं ध्येय सुचवायची मुभा मात्र तक्ता पुन्हा भरून झाल्यावरच द्या.